बहात्तर चाचण्या आणि न विचारलेला प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी तपासणी केंद्रात गेल्या महिन्यात आम्ही तिघांनी ‘संपूर्ण शरीर तपासणी’ करून घेतली. तिघे म्हणजे मी, माझी पत्नी आणि शिरोळ तालुक्यातून त्यासाठी मुद्दाम आलेले माझे मेव्हणे. माणशी ३,४९९ रुपयांत बहात्तर चाचण्या आणि त्यावर ‘हृदयविकार व मधुमेह यांच्या धोक्याचे मूल्यमापन’ मोफत, अशी जाहिरात होती. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण अशी पॅकेजे आता शहरात गल्लोगल्ली मिळतात आणि पुढील मजकूर त्यांपैकी बऱ्याच जणांना लागू पडेल अशी माझी समजूत आहे. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. त्यामुळे रक्त कसे घेतले यापेक्षा ‘धोका’ कसा काढला याकडे माझे लक्ष अधिक गेले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आधी चांगले तेवढे सांगतो. सकाळी सातची वेळ दिली होती आणि सात वाजून दहा मिनिटांनी आमचे नाव पुकारले गेले. रक्त घेणारा मुलगा विलक्षण हलक्या हाताचा होता. माझ्या पत्नीची शीर सहसा सापडत नाही, पूर्वी दोन ठिकाणी तिला तीन-तीनदा टोचले गेले आहे. या मुलाने कोपराच्या लवणीत बोटाने चाचपून, क्षणभर थांबून, पहिल्याच वेळी सुई बरोबर बसवली आणि नळ्यांवर चिठ्ठ्या तिच्या समोरच चिकटवून त्यांवरचे नाव तिच्याकडून वाचून घेतले. ही शेवटची सवय अनेक मोठ्या ठिकाणीही दिसत नाही. नंतर उपमा आणि चहा मिळाला, अहवाल सांगितलेल्या वेळी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला. केवळ रक्ततपासणीची सेवा म्हणून पाहिले तर या केंद्राला नावे ठेवायला फारशी जागा नाही.

माझी तक्रार आहे ती त्या ‘मोफत’ मूल्यमापनाविषयी.

स्वागतकक्षातील मुलीने एकपानी छापील अर्ज पुढे ठेवला. त्यात वय, उंची, वजन, पूर्वीचे आजार, घरातील आजार आणि ‘स्मोकिंग : होय / नाही’ एवढेच होते. मेव्हण्यांचा चष्मा गावीच राहिला होता, म्हणून तिने प्रश्न वाचून दाखवले. “काका, स्मोकिंग करता का?” मेव्हण्यांनी गालातला बार जिभेने बाजूला सारला आणि गंभीरपणे “न्हाई” म्हणाले. तिने ‘नाही’वर खूण केली. मी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते मला हळूच म्हणाले, “दाजी, बिडी कवा वडलीया मी? इचारलंय तेवढंच सांगितलं.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तरुणपणी तालमीत घुमलेला हा माणूस गेली पस्तीस वर्षे दिवसाला तंबाखूची एक पुडी आणि चुन्याची डबी संपवतो, आणि त्याच्या अहवालात तंबाखूचा उल्लेखसुद्धा नाही.

हा किरकोळ दोष नाही. तंबाखू माणसाला किती महाग पडते हे आपल्याला प्रयोगशाळेतील यंत्राने सांगितलेले नाही. हजारो माणसांना साधे प्रश्न विचारून, उत्तरे जपून ठेवून, पुढे वर्षानुवर्षे त्यांतील कोण जगले आणि कोण गेले याची नोंद करून ते कळले आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना छोटी प्रश्नावली पाठवली, सुमारे चाळीस हजार जणांनी ती भरून दिली, आणि त्यांतील पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पन्नास वर्षे चालला. सिगारेट न सोडणारे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरतात, हा आकडा तिथून आला. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचे घ्यावे. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मतदारयाद्या हाती घेऊन पस्तीस वर्षांवरील सुमारे दीड लाख मुंबईकरांच्या तंबाखूच्या सवयी घरोघर जाऊन नोंदवल्या आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन कोण हयात आहे हे पाहिले. बिडी ही सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज त्या आकड्यांनी मोडला, आणि न ओढता नुसती खाल्ली जाणारी तंबाखूही निर्दोष नसल्याचे त्यांत दिसले. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तर केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. मळून खाल्लेली तंबाखू, मशेरी आणि मावा यांच्या मुलखात अर्ज छापताना ‘स्मोकिंग’ एवढाच शब्द ठेवणे म्हणजे, पंचगंगेच्या पुराची नोंद ठेवताना फक्त पर्जन्यमापक पाहायचा आणि राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले हे विचारायचेच नाही, असा प्रकार आहे.

रक्तदाबाची कथा याहून वेगळी नाही. दुसऱ्या मजल्यावर जिना चढून गेल्यावर दोन मिनिटांच्या आत, स्टुलावर बसवून, पाठीला टेकू नसताना, मेव्हण्यांच्या सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला गेला आणि पट्टा फुगत असतानाच मुलगी त्यांना पिन कोड विचारत होती. आकडा १४६/९० आला. ती म्हणाली, “जिना चढून आलाय ना, म्हणून असेल.” तिचा तर्क चुकीचा नव्हता, पण मग पाच मिनिटे शांत बसवून, बाही वर करून, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवून पुन्हा मोजायला हवे होते, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने निदान दोन नोंदी घ्यायला हव्या होत्या. पुन्हा मोजले गेले नाही. गंमत अशी की अहवालात प्रयोगशाळेचे आकडे मर्यादेबाहेर गेले की लाल होतात, रक्तदाब मात्र वेगळ्या पानावर हाताने भरला जातो म्हणून तो काळाच राहतो. मेव्हण्यांच्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्व लाल होते आणि १४६/९० काळे. त्यांनी स्वाभाविकपणे लाल तेवढेच वाचले.

रक्तदाबाला हे मोल कसे आले ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ते नेहमीच इतके उघड नव्हते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला होता. तो अनेक वर्षे चढत होता, पण वयाबरोबर रक्तदाब वाढणे स्वाभाविकच, किंबहुना आवश्यकच, असे मानणारे नामांकित डॉक्टर त्या काळी पुष्कळ होते. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावातील ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंदणी सुरू झाली. ही माणसे आजारी म्हणून निवडलेली नव्हती, उलट ज्यांना अजून हृदयविकार झालेला नाही अशांनाच दर दोन वर्षांनी तपासायचे आणि वाट पाहायची, अशी ती योजना होती. वाट पाहणे हाच या शास्त्राचा गाभा आहे. झटका आलेल्या माणसाला “तुमचा रक्तदाब पूर्वी किती होता?” असे विचारून काही हाती लागत नाही, तो आधीच मोजून ठेवलेला असावा लागतो. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचे निष्कर्ष मांडले, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो हे दाखवले, आणि आज प्रत्येक पॅकेजच्या माहितीपत्रकावर दिसणारा ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द तिथून रूढ झाला. ज्या मोजमापासाठी एका गावाने पिढ्यानपिढ्या दंड पुढे केला, ते इथे बाहीवरून एकदा उरकण्यात आले.

आता माझ्या स्वतःच्या अहवालाकडे वळतो. शेवटच्या पानावर गाडीच्या वेगमापकासारखे अर्धवर्तुळ होते, काटा नारिंगी भागात होता आणि खाली लिहिले होते, ‘आपला हृदयविकाराचा धोका सरासरीच्या १.८ पट आहे.’ मी सल्ल्यासाठी बसलेल्या तरुण डॉक्टरांना विचारले, “कोणाची सरासरी?” ते म्हणाले, “सर, सॉफ्टवेअर काढतं ते.” मी पुन्हा विचारले, “किती वर्षांतला धोका?” त्यावर त्यांनी पान उलटून पाहिले, तिथे काही लिहिलेले नव्हते. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही हाती ते पान तयारच आले होते. पण ‘१.८ पट’ हे एकटे वाक्य निरर्थक आहे. दहा वर्षांत शंभरांपैकी दोघांना जो आजार होतो त्याचा धोका १.८ पट झाला तर शंभरांपैकी चारांहून कमी जणांना तो होईल; तोच मूळ आकडा वीस असेल तर छत्तीस जणांना होईल. पहिल्या माणसाने संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जावे, दुसऱ्याने उद्याच डॉक्टर गाठावा. काटा दोघांचाही नारिंगीतच.

‘कोणाची सरासरी’ हा प्रश्नही मी केवळ खोड म्हणून विचारला नव्हता. फ्रेमिंगहॅममधील ती मूळ माणसे जवळजवळ सगळी गोरी होती, आणि तेथील सूत्र जसेच्या तसे दुसऱ्या देशात लावले की कुठे धोका फुगतो, कुठे कमी दिसतो, हा अनुभव जुना आहे. इंटरहार्टमध्ये दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांच्या तुलनेत सरासरी सहा वर्षे आधी, म्हणजे ५९ ऐवजी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ विभाग पाडून प्रत्येकासाठी वेगळी कोष्टके दिली. त्यांत दक्षिण आशियाचे कोष्टक आहे, ते विनामूल्य आहे, आणि रक्त न घेता केवळ वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजनाचे गुणोत्तर (बीएमआय) यांवर चालणारी त्याची आवृत्तीही आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर हे कोष्टकही ओढण्याविषयीच विचारते, खाण्याविषयी नाही. तेव्हा मेव्हण्यांच्या बाबतीत ते वापरूनही उत्तर थोडे कमीच आले असते. पण आपण कोणते कोष्टक वापरतो आणि त्यात काय मोजले जात नाही, एवढे दोन ओळींत छापायला केंद्राला काय हरकत होती?

पत्नीचा अहवाल सर्वांत नीटनेटका होता, आणि मला सर्वांत खटकला तोच. वजन-उंचीचे गुणोत्तर २२.८, त्यापुढे हिरवी खूण, आणि ‘आपले वजन आदर्श आहे’ हे वाक्य. कंबर कोणी मोजलीच नाही. घरी आल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजली, तर ८६ सेंटिमीटर भरली. भारतीय स्त्रियांसाठी मर्यादा ८० धरतात. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबी, ही आपली जुनी गोष्ट आहे, आणि ती जगाला पटवून देण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा वाटा मोठा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती स्त्रिया आणि पुढे त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी, पण हा हलकेपणा स्नायूंत अधिक आणि चरबीत कमी, असे दिसले. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले: दोघांचेही गुणोत्तर २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. हे चित्र या केंद्राच्या भिंतीवर लावावे, असे मला मनापासून वाटते.

मग मी चेन्नईत २६,००१ लोकांच्या पाहणीतून २००५ मध्ये तयार झालेली मधुमेहाच्या धोक्याची भारतीय गुणपद्धत कागदावर मांडली. वय ४९ म्हणून २०, कंबर ८० ते ८९ च्या दरम्यान म्हणून १०, व्यायाम बेताचाच म्हणून २०, आई मधुमेही होत्या म्हणून १०, बेरीज ६०. साठ किंवा अधिक म्हणजे धोका जास्त. तिच्या रक्तातील तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीए१सी, ५.९ आला होता, जो मधुमेहपूर्व अवस्थेत मोडतो, आणि डॉक्टरांनी तो “बॉर्डरलाइन आहे, काही नाही” म्हणून सोडून दिला होता. टेप आणि चार प्रश्न सोबत असते तर तो आकडा एकटा पडला नसता.

बहात्तर चाचण्यांबद्दल थोडेसेच लिहितो. ‘सामान्य’ मर्यादा बहुधा अशा आखतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत यावेत. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचीही किमान एक चाचणी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून आकडा थोडा बदलतो; पण बहात्तर चाचण्यांत लाल काही निघणारच. आम्हा तिघांचेही ‘ड’ जीवनसत्त्व लाल होते आणि पत्नीचे होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातील एक अमिनो आम्ल, तेही. दोन्हींच्या बाबतीत पाठपुराव्याच्या अभ्यासांत हृदयविकाराशी संबंध दिसला होता. मात्र अमेरिकेत २५,८७१ लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत वाटून ‘ड’ जीवनसत्त्व किंवा रिकामी गोळी दिली, तेव्हा २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निकालांत झटके काही कमी झाले नाहीत, आणि फॉलिक आम्लाने होमोसिस्टीन उतरवूनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नव्हते. आजाराबरोबर दिसणारी प्रत्येक गोष्ट आजाराचे कारण नसते. ती कधी कधी त्याच घरात राहणारा भाडेकरू असते. केंद्राने मात्र दोन्हींवरच्या गोळ्या खालच्या मजल्यावरील औषधाच्या दुकानातून दहा टक्के सवलतीत देऊ केल्या.

सल्ला मिळाला तो चार मिनिटे. सोबत आहाराचा छापील कागद होता, त्यात ओट्स, ऑलिव्ह तेल आणि अॅव्होकॅडो होते. खर्डा, पापड, लोणचे, ताटात वरून घेतलेले मीठ यांचा उल्लेख नव्हता. मिठाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम म्हणजे सपाट चमचाभर, हे कोल्हापूरकराला सांगायचे असेल तर त्याच्या ताटातूनच सांगावे लागेल. अॅव्होकॅडो लक्ष्मीपुरीत शोधत फिरायला कोणाला सवड आहे?

याच्या शेजारी दुसरी एक तपासणी ठेवून पाहतो, जी मेव्हण्यांच्या गावी पंधरा दिवसांनी झाली. गावातील आशाताई तीस वर्षांवरील सर्वांचे सरकारी प्रपत्र भरत होत्या. वय, कंबर, व्यायाम, दारू, आईवडिलांचे आजार, आणि बिडी-सिगारेटबरोबर गुटखा, तंबाखूही. गुण ४ च्या वर गेले की पुढे पाठवायचे, असा नियम. त्यांनी मेव्हण्यांना काही विचारण्याआधीच विचारले, “मामा, तोंडात काय हाय?” टेप लावली, गुण मोजले आणि उपकेंद्रात पाठवले. तिथे बाही वर करून, बसवून, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब घेतला. तो १५२/९४ आणि १५०/९२ आला. गोळी सुरू झाली. एक रुपयाही खर्च झाला नाही. हे सगळीकडे इतके सुरळीत होते असा माझा दावा नाही. त्याच गावात गेल्या वर्षी प्रपत्रे संपली म्हणून काम दोन महिने थांबले होते, असेही मेव्हण्यांनीच सांगितले.

तेव्हा कोणाला डॉक्टरांनी ठरावीक रक्तचाचण्या लिहून दिल्या असतील, तर त्या इथे जरूर कराव्यात. सुई टोचणारा मुलगा सोमवार ते शुक्रवार सकाळी असतो, गाडी मागच्या गल्लीत लावावी, मुख्य रस्त्यावर लावल्यास उचलली जाते. बहात्तरांचे पॅकेज घेऊ नये, आणि धोक्याचे अर्धवर्तुळ तर मुळीच वाचू नये. रक्ततपासणीला पाचपैकी साडेचार, मूल्यमापनाला एक.

मी हे सारे मुद्दे केंद्राला ईमेलने कळवले, त्यावर ‘आपली सूचना नोंदवली आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. परवा शेजारचे एक गृहस्थ तिथे जाऊन आले, त्यांच्याकडून मी अर्जाची प्रत मुद्दाम मागून घेतली. छपाई तीच आहे. ‘स्मोकिंग’ या शब्दापुढे मात्र कोणीतरी निळ्या बॉलपेनने तिरपी रेघ मारून ‘तंबाखू’ असे लिहिले आहे आणि मग त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या आहेत.